पाठीला पाठ

माझ्या इंग्रजीचा या टाउनशिपमध्ये दबदबा आहे, आणि हे मी सांगायला लाजत नाही. कारखान्याच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. सोनागिरीपासून अवधपुरीपर्यंत अर्धीअधिक पोरं माझ्या हातचे छडीचे वळ घेऊन इंजिनियर झाली. आमच्या नागपूरकडून आलेल्या मराठी घरांत तर रीतच पडून गेली होती. बदलीचा अर्ज असो, मेडिकलचं बिल असो, नाही तर मुलाच्या फीची सवलत, इंग्रजीत काही लिहायचं झालं की कागद माझ्याकडे. "मंजूताईंकडून लिहून घ्या, साहेब उठून उभा राहील," असं लोक म्हणायचे. लोक वाचायचेसुद्धा नाहीत, मी लिहिलं की खाली सही ठोकून मोकळे व्हायचे. मला त्याचा कोण अभिमान!

तो अभिमानच नडला. पण क्रमाने सांगते.

माझा धाकटा भाऊ विश्वास पांढरीपांडे याच कारखान्यात फोरमन होता. मागल्या डिसेंबरात सकाळच्या पाळीला गेला आणि परत आला तो अँब्युलन्समधून. हार्ट अटॅक. मागे बायको शालिनी, मोठी मुलगी अमृता आणि धाकटा मुलगा निनाद. अमृता सत्तावीसची, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली. मंडीदीपच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करते, सकाळी सहाची बस पकडते. विश्वास गेल्यापासून घर तीच चालवते. निनाद चोवीसचा, बी. कॉम. दोनदा बसून पास झालेला, बँकेच्या परीक्षा तीनदा देऊन तीनदा लटकलेला. पोरगा वाईट नाही हो. मन लावून अभ्यास करतो आणि ऐन वेळी घाबरतो.

कामावर असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला कारखान्यात नोकरी मिळते. एकालाच. ती मिळाली तरच राहतं क्वार्टरही टिकतं, नाही तर सामान बांधायचं. शालिनीची चूल त्या एका कागदावर टांगलेली होती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी निनाद माझ्याकडे अवधपुरीला आला. सोबत माझ्या आवडीची बालूशाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"आत्या, माझा अर्ज लिहून दे ना. आणि सुन ना, ताईला सांगू नकोस. भडकेल ती."

मी लिहिला. विश्वासच्या आठवणीने डोळे भरून आले आणि लेखणी काय चालली म्हणता! शेवटी लिहिलं, 'मी माझ्या आईचा आजन्म सांभाळ करीन.' इंग्रजीत ते फारच छान वाटत होतं.

शनिवारी अमृता आली. कामावरून थेट, चेहरा बसच्या धुळीने माखलेला. पाणी प्यायली आणि म्हणाली, "आत्या, अर्ज लिहून देशील? निनादला आत्ताच सांगू नको. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा आहे, उगाच डोक्याला ताप."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, 'अगं, तो परवाच लिहून घेऊन गेला, बसा आधी दोघं समोरासमोर.' नाही म्हटलं. शब्द दिला होता ना! शिवाय मनात एक गंमतही होती, खोटं कशाला बोलू. एकाच नोकरीचे दोन अर्ज, दोन्ही माझ्या हातचे, दोन्ही फर्स्ट क्लास. मी तिचाही मन लावून लिहिला. ती घरी लवकर जायच्या घाईत होती. तिने खाली सही केली आणि गेली. वाचलं नाही. माझं लिहिलेलं कोण वाचतं?

शालिनीला इंग्रजी येत नाही. तिने दोन्ही कागदांवर 'आई' म्हणून सही केली. तिला वाटलं, एकाच अर्जाच्या दोन प्रती आहेत.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, कारखान्याच्या कार्मिक विभागातून फोन आला. विक्रांत सक्सेना, माझाच जुना विद्यार्थी. तिथे अधिकारी झालाय.

"मॅडम, प्रणाम. एक घर से दो अर्ज़ी आ गई हैं. और दोनों आपने लिखी हैं, है ना? आपकी अंग्रेज़ी तो मैं नींद में भी पहचान लूँ."

त्याने समजावून सांगितलं. घरातून एकच अर्ज हवा. बाकीच्यांनी 'आमची हरकत नाही' म्हणून सही द्यायची. बुधवारी संध्याकाळपर्यंत ठरलं नाही तर दोन्ही अर्ज बाद आणि फाइल बंद. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "वैसे मॅडम, बेटी वाली में तो आपने खुद ही लिख दिया है. शादी तक माँ को देखेगी. तो साहब लोग भी बेटे का ही सोच रहे हैं."

मी म्हटलं, मी असं कुठे लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं. 'मी अविवाहित असून, विवाह होईपर्यंत माझ्या आईचा सांभाळ करीन.' माझंच वाक्य. तोच डौल, तोच स्वल्पविराम.

काय बाप्पा! कुणी विचारलं होतं मला? अमृताने लग्नाचा 'ल'सुद्धा काढला नव्हता. हात आपोआप चालला होता. मुलाचं 'आजन्म', मुलीचं 'विवाह होईपर्यंत'. आणि लिहिणारी कोण? अठ्ठावन्न वर्षांची बिनलग्नाची मी, जिने स्वतःच्या आईला शेवटच्या श्वासापर्यंत याच नोकरीच्या जिवावर सांभाळलं. माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना.

मन थाऱ्यावर नसलं की मी शब्दकोश काढते. विश्वासने पहिल्या बोनसमधून न्यू मार्केटातून आणलेला जाडजूड कोश, शब्दांची कुळकथा सांगणारा. त्या संध्याकाळी मी 'कंपीट' काढला. तेहतीस वर्षं मी पोरांना त्याचा अर्थ सांगत आले, दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी झटणं. कोशात काय? लॅटिनमधला शब्द. 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पेटेरे' म्हणजे शोधणं, मागणं, एखाद्या गोष्टीच्या दिशेने जाणं. मूळ अर्थ काय, तर एकत्र येणं, सोबत मिळून शोधणं. हरवाहरवी त्याला पुढे चिकटली. 'पिटिशन' म्हणजे अर्ज, तोही त्याच 'पेटेरे'चा. 'कॉम्पिटंट' म्हणजे लायक, तोही त्याच घरातला. आयुष्यभर मी अर्ज लिहिले, स्पर्धा लावल्या, आणि ही सगळी सख्खी भावंडं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, सापडलं! रविवारी दोघांना हेच सांगायचं.

रविवारी शालिनीच्या क्वार्टरला गेले. विक्रांतकडून दोन्ही अर्जांच्या प्रती घेतल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. निनाद आणि अमृता समोरासमोर. दोघांना ऑफिसातून एकमेकांचं कळलं होतं, आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. शालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्या दाराच्या मागच्या बाजूला विश्वासने कधीकाळी काळा रंग मारून फळा केला होता. त्यावर अजून खडूच्या रेघा आहेत. अ आणि नि अशी दोन अक्षरं आणि त्यांखाली रेघाच रेघा.

त्या रेघा माझ्याच. मुलं लहान असताना दर रविवारी मी यायची आणि शब्द द्यायची. जो आधी मूळ सांगेल त्याला एक रेघ. पण हे सुरू कसं झालं ते सांगायला हवं. पहिल्या काही रविवारी ती दोघं एकाच कोशावर पालथी पडून शोधायची. अमृता पान उलटायची, निनाद बोट फिरवायचा. सापडलं की दोघं मिळून ओरडायची. मला ते खपलं नाही. म्हटलं, एकीने शोधायचं आणि दुसऱ्याने ढापायचं, हे काय चाललंय? ही तर कॉपी झाली. बसा पाठीला पाठ लावून. एकेक कोश घ्या. बघू कोण हुशार ते. मास्तरणीचं डोकं माझं, दुसरं काय सुचणार!

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. "हे बघा बाळांनो, भांडायचं नाही. कंपीट या शब्दाचं मूळ तुम्हाला माहीत आहे? मुळात त्याचा अर्थ भांडण नाहीच. सोबत मिळून शोधणं..."

"आत्या," अमृताने मध्येच तोडलं. तिच्या हातात तिचाच अर्ज होता. ती पहिल्यांदाच तो वाचत होती. "हे मी कधी म्हटलं?"

"काय?"

तिने वाक्य मोठ्याने वाचलं. मग शालिनीला कळावं म्हणून मराठीत सांगितलं. मग निनादच्या अर्जातलं 'आजन्म' वाचलं, तेही मराठीत.

निनाद खाली बघत म्हणाला, "यार ताई, चूक काय आहे त्यात? कधी ना कधी होणारच ना तुझं लग्न."

"तुझं होणार नाहीये का?"

"माझं वेगळं आहे."

"कसं वेगळं, ते आत्याला विचारू." ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी तरी ओरडून घेतलं असतं. "आत्या, तू आजीला कुणाचं लग्न होईपर्यंत सांभाळलंस?"

"अमू!" शालिनी दारातून म्हणाली. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"बोलू दे तिला," मी म्हटलं.

"आणि ते सोबत मिळून शोधणं वगैरे आम्हाला नको सांगूस," अमृता म्हणाली. "आम्ही तेच करत होतो. तू उठवून पाठीला पाठ लावून बसवलंस. वर हा रडला की याच्या नावावर दोन रेघा जास्तीच्या ओढायचीस. तुला वाटायचं मला दिसत नाही. मी दर वेळी मोजायची."

खरं होतं. निनाद हरला की ओठ काढायचा, आणि माझा जीव तुटायचा. लहान आहे म्हणून दोन रेघा. मला ती माया वाटायची. अर्जातही मी तेच केलं होतं, त्याला दोन रेघा जास्त.

निनादचे डोळे भरले. "ताई, तू कुठेही टिकशील. माझं काय? मला दुसरं काय मिळणार आहे? घरात सगळे मला बिनकामाचा समजतात, मला कळत नाही का?" आणि तो खरोखर रडायला लागला, चोवीस वर्षांचा घोडा. माझा हात त्याच्या पाठीकडे गेलाच. अर्ध्यात थांबवला.

अमृताने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कुणाचा अर्ज ठेवायचा ते आम्ही दोघं ठरवू. मी मागे हटायलाही तयार आहे, कदाचित. पण तुझ्या वाक्यामुळे नाही. आत्या, मला एक पत्र दे. की हे वाक्य अमृताचं नाही, माझं आहे. ऑफिसात दे. बस्स. मग बघू."

"देते," मी म्हटलं. "उद्याच देते."

सोमवारी शाळेतून आल्यावर कागद घेऊन बसले. जमेना. दुसऱ्यांचे हजार अर्ज लिहिले, आणि स्वतःची चूक कबूल करायची तीन वाक्यं येईनात. कशी येतील? विक्रांत वाचणार, त्याचे साहेब वाचणार. टाउनशिपमध्ये गोष्ट पसरायला वेळ लागतो होय? पांढरीपांडे मॅडमनी सख्ख्या भाचीचा अर्ज बिघडवला म्हणे! झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर नुसती अब्रूच आड येत नव्हती. पत्र दिलं की पारडं अमृताकडे झुकणार, निनाद लटकणार, हेही दिसत होतं.

त्यातच संध्याकाळी निनाद आला. माझा गळका नळ कधीचा दुरुस्त करायचा होता. मी न सांगता त्याने वायसर बदललं. हात पुसता पुसता विचारलं, "आत्या, तू पत्र देणार आहेस?"

"बघू," मी म्हटलं.

मंगळवारी डोकं दुखतंय म्हणून शाळेत गेले नाही. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. दुपारी चारला अमृताचा फोन आला, बसमधून. मागे कंडक्टर "मिसरोद, मिसरोद" ओरडत होता.

"लिहिलंस, आत्या?"

"लिहितेय गं. झालंच."

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"मला कळतंय. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. चोर तो चोर वर शिरजोर, अशी मी.

त्या रात्री झोप कसली येते! पहाटे कूस बदलता बदलता विश्वास आठवला. आम्ही दोघं नागपूरला एकाच कंदिलाखाली अभ्यास करायचो. माझं पुस्तक संपलं की मी त्याचं वाचून दाखवायची, त्याचं गणित अडलं की मी सोडवायची. आम्हाला कुणी पाठीला पाठ लावून बसवलं नव्हतं. त्याच्या पोरांना मात्र मी बसवलं. मी उठले, चहासुद्धा घेतला नाही. कागद घेतला आणि लिहिलं. दहा मिनिटं लागली. 'अर्जातील विवाहासंबंधीचं वाक्य अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. ते माझं आहे आणि ते चुकीचं आहे.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात साधं इंग्रजी.

शाळेत दोन तास चुकवता येण्यासारखे नव्हते, बोर्डाच्या परीक्षा सुरू होत्या. ते संपवून निघाले. कार्मिक विभागात पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. अजून पाच वाजायला किती तरी वेळ होता. मी स्वतःवर खूश होते, खोटं नाही सांगत.

विक्रांत उठून उभा राहिला. पाया पडला. चहा मागवला. मी पत्र पुढे केलं.

त्याने वाचलं आणि घडी करून माझ्या समोर परत ठेवलं. "मॅडम, अब इसकी ज़रूरत नहीं. अमृता सुबह आई थी. ऑफिस खुलने से पहले ही बाहर बैठी थी. भाई के लिए सहमति दे गई. फाइल ऊपर चली गई."

"केव्हा?"

"दस बजे. पहले उसने पूछा, आत्या आई थीं क्या, कोई चिट्ठी दे गईं? मैंने कहा, नहीं. फिर थोड़ी देर बैठी रही. बोली, शाम हो गई तो दोनों का चला जाएगा. वहीं बैठकर लिख दिया."

मी त्या बाकाकडे बघितलं. दाराशेजारचं लोखंडी बाक, एका बाजूने रंग उडालेलं. मंडीदीपची सहाची बस सोडून ती तिथे बसली होती. एक दिवसाची हजेरी बुडवून. माझी वाट बघत.

"फोन कर ना तिला," मी म्हटलं. "परत घेता येईल. अजून वेळ आहे."

"मैंने भी कहा था, मॅडम, सोच लो. बोली, सोच लिया." त्याने फाइलमधून तिच्या कागदाची प्रत काढली आणि माझ्या हातात दिली.

अमृताचं अक्षर. उजवीकडे झुकलेलं, लहानपणीसारखंच. इंग्रजीत चार ओळी. माझ्या भावाला नोकरी देण्यास माझी हरकत नाही. आईला मीसुद्धा सांभाळीन, आजन्म. आधीच्या अर्जातलं लग्नाबद्दलचं वाक्य माझं नव्हतं. हा कागद माझा मी लिहिला आहे, कुणाकडून लिहून घेतलेला नाही.

मी तीनदा वाचला. अक्षरं धूसर व्हायला लागली तेव्हा चष्मा काढला. विक्रांतला वाटलं मी चुका शोधतेय. बिचारा! शाळेत माझ्यासमोर वही धरून उभा राहायचा, तसाच अवघडून टेबलापलीकडे उभा होता.

"हाँ मॅडम, दो-तीन ग़लतियाँ हैं अंग्रेज़ी की," तो म्हणाला आणि लाल पेन माझ्या पुढे केलं. "चाहें तो आप ठीक कर दीजिए, मैं दोबारा टाइप करवा दूँगा."

मी पेन घेतलं नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "एकही चूक नाही."